विश्लेषण : अ‍ॅप म्हणाले ‘वनपिंगळा’, म्हणून तो वनपिंगळाच?

सातपुड्यात किंवा तानसाच्या जंगलात फांदीवर बसलेले छोटे घुबड दिसते. मोबाइलवर फोटो निघतो, अ‍ॅप काही सेकंदांत ‘वनपिंगळा’ असे नाव देते आणि स्क्रीनशॉट पाच ग्रुपवर फिरू लागतो. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ही घाई महागात पडते. अ‍ॅपचे उत्तर हा अंदाज आहे. त्याला नोंद मानणे थांबवायला हवे.

चुकीच्या नोंदीने काय बिघडते?

वनपिंगळ्याचे (काही जण त्याला रानपिंगळाही म्हणतात) शास्त्रीय वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, त्यावर लेबल तेवढे नवे होते. पुढच्या शोधाला या लेबलने चुकीची दिशा दिली. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा दिसला. मधली ११३ वर्षे तो जगासाठी हरवलेलाच होता. आजही तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

फोटोत नेमके काय पाहावे?

डोके : गावाजवळ नेहमी दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे, करड्या-तपकिरी रंगाचे दिसते.

छाती आणि पोट : वनपिंगळ्याची छाती बरीचशी सलग गडद तपकिरी, तर पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या छाती-पोटावर तपकिरी तुटक खुणा असतात.

शेपटी आणि पाय : वनपिंगळ्याच्या शेपटीवर गडद आणि पांढरे रुंद पट्टे असतात. पाय दणकट, पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात.

डोक्यापासून अंगभर बारीक आडव्या रेघा दिसल्या, तर तो बहुधा तिसराच, जंगली पिंगळा. ‘दिवसा दिसला म्हणजे वनपिंगळा’ हा निकषही चालत नाही. ठिपकेवाला पिंगळाही दिवसा सहज दिसतो.

यात मोबाइलची स्वतःची एक अडचण आहे. जास्त झूम केल्यावर कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर फोटो गुळगुळीत करते आणि बारीक ठिपके पुसले जातात. साध्या पिंगळ्याचे डोके मग ‘कोरे’ दिसू लागते.

अ‍ॅप ९५ टक्के अचूक असेल तर?

एक साधे गणित मांडू. समजा, १,००० फोटोंपैकी १० वनपिंगळ्याचे आणि ९९० ठिपकेवाल्या पिंगळ्याचे आहेत. अ‍ॅप दोघांनाही ९५ टक्के वेळा बरोबर ओळखते आणि चुकले तर एकाला दुसरा म्हणते. म्हणजे वनपिंगळ्याचे नऊ-दहा फोटो बरोबर निघतील. पण ९९० मधल्या जवळपास ५० फोटोंवरही ‘वनपिंगळा’ असाच शिक्का बसेल. ‘वनपिंगळा’ या दर सहा उत्तरांपैकी पाच चुकीची! पक्षी जितका दुर्मीळ, तितका त्याच्या नावावर संशय जास्त घ्यायला हवा.

मग करायचे काय?

शक्य असेल तर समोरून, मागून आणि शेपटीचा असे वेगवेगळे फोटो घ्या. मात्र त्यासाठी पक्ष्याच्या मागे धावू नका, त्याचा आवाजही वाजवू नका. कापलेला, फिल्टर लावलेला फोटो न देता मूळ फोटो द्या. ई-बर्डवर दुर्मीळ नोंदी स्वयंसेवक तपासतात. त्यांनी पुरावा मागितला तर अपमान वाटून घेऊ नका. खुणा दिसत नसतील तर ‘पिंगळा, प्रजाती अनिश्चित’ एवढेच लिहा. आणि तो खरोखर वनपिंगळा असेल तर घरट्याचे लोकेशन ग्रुपवर टाकू नका. उद्या तिथे कॅमेऱ्यांची रांग लागेल.

अपुरी नोंद नंतर पूर्ण करता येते. चुकीची नोंद मात्र पुढच्या शोधाला भलत्याच जंगलात नेते.