प्रत्यारोपणानंतरची गोळी : जबाबदारी एकट्या रुग्णाची नव्हे



आपल्या एखाद्या साथीचे मूत्रपिंड निकामी झाले की सारी शाखा धावून येते. वर्गणी जमते, रक्त देणारे मिळतात, ड्यूटी सांभाळणारे मिळतात. घरातले कोणीतरी, आपल्या देशात बहुतेक वेळा आई किंवा पत्नी, आपले एक मूत्रपिंड काढून देते. शस्त्रक्रिया होते, काही महिन्यांनी साथी तोंडाला मास्क लावून कामावर हजर होतो आणि आपण म्हणतो, सुटला बिचारा. माझे म्हणणे असे आहे की खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. शस्त्रक्रिया एका दिवसाची, औषध मात्र जन्मभराचे. ते औषध रक्तात नेमके किती आहे, यावर ते दान टिकणार की वाया जाणार हे ठरते. आणि ही गोष्ट एकट्या रुग्णाच्या हातात नसते. गोळ्या देणारा दवाखाना, ड्यूटी लावणारे कार्यालय आणि रजेवर सही करणारा साहेब या तिघांचाही त्यात वाटा आहे. म्हणून हा विषय संघटनेचा आहे.

मी वाराणसीत रेल्वेची नोकरी करतो. दहावी शिकलेला माणूस आहे, डॉक्टर नाही. पण सभासदांचे रेफरचे कागद, बिले आणि अर्ज हाताळता हाताळता हे सारे शिकावे लागले. येथे रेल्वेचा पसारा मोठा आहे. लहरतारा भागात पूर्वोत्तर रेल्वेचा कारभार, कँटचे उत्तर रेल्वेचे स्टेशन, आणि पूर्वी डी.एल.डब्ल्यू. म्हणून ओळखला जाणारा व २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झालेला इंजिन कारखाना. तरीही मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी आमची माणसे बहुधा लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत जातात. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांसाठीही तीच वारी. भुसावळ किंवा सोलापूरच्या साथीला मुंबई-पुण्याची वारी घडते, ती याहून वेगळी नाही.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. आपले शरीर परके काही आत शिरले की त्याच्याशी लढते. दुसऱ्याचे मूत्रपिंडही त्याला परकेच वाटते. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते. म्हणून शरीराने ते परके मानले नाही. सर्वांच्या वाट्याला जुळा भाऊ येत नाही. त्यामुळे शरीराची लढण्याची ताकद बेताने कमी ठेवणारी औषधे लागतात. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले, तेव्हा अशी औषधे फार थोडी होती. १९८० नंतर सायक्लोस्पोरिन आले. १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले. आज बहुतेक रुग्णांना तेच मुख्य औषध, जोडीला मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन दिले जाते.

या टॅक्रोलिमसचा मार्ग फार अरुंद आहे. रक्तात ते कमी पडले तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारते. जास्त झाले तर हात थरथरतात, साखर वाढते, रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग होतो, आणि ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे त्यालाच ते औषध इजा करते. म्हणून पातळी मोजावी लागते. पहिल्या काही महिन्यांत ती साधारण एका मिलिलिटरला ८ ते १० नॅनोग्रॅम आणि पुढे वर्षभरानंतर ५ ते ७ च्या आसपास ठेवतात. प्रत्येकाचा आकडा त्याचा डॉक्टर ठरवतो. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू नाही. एकाच वजनाच्या दोन माणसांना तीच मात्रा दिली तरी एकाची पातळी दुसऱ्याच्या दुप्पट येऊ शकते.

कमी पातळीची सर्वांत वाईट गोष्ट अशी की ती दुखत नाही. माणूस ठणठणीत दिसतो, जेवतो, ड्यूटी करतो, आणि आत मूत्रपिंड हळूहळू जाते. क्रिएटिनिन वाढल्याचा कागद हातात पडेपर्यंत पत्ता लागत नाही. त्यानंतर पुन्हा आठवड्यातून दोन-तीन वेळा, चार-चार तास डायलिसिसचे यंत्र. आणि जिने आपले मूत्रपिंड दिले, तिच्याकडे द्यायला दुसरे नसते.

आता आपल्या साथींना चार गोष्टी सांगतो, कारण मागण्या मांडणाऱ्याने सभासदालाही सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट वेळेची. सकाळ-संध्याकाळची गोळी असेल तर दोन गोळ्यांत बारा तासांचे अंतर हवे, आणि रोज जेवणाआधी घेत असाल तर रोज जेवणाआधीच. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचे. पातळीचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. गोळी खिशात न्यावी, रक्त दिल्यावर घ्यावी. सवयीने आधीच घेतली गेली तर तसे प्रयोगशाळेत स्पष्ट सांगावे. नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो आणि डॉक्टर मात्रा उगाच कमी करतो.

दुसरी गोष्ट इतर औषधांची. बनारसच्या दमट उन्हाळ्यात नायटा घरोघरी असतो आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल हातावर ठेवतात. त्याने टॅक्रोलिमसची पातळी चढते. खोकल्याला मिळणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिननेही चढते. उलट क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या काही गोळ्यांनी ती झपाट्याने कोसळते. म्हणून क्षयाच्या केंद्रावर पहिलेच वाक्य 'माझे प्रत्यारोपण झाले आहे' हे असले पाहिजे. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन तर घेऊच नये, ते थेट मूत्रपिंडाला मारक. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. टॅक्रोलिमसची मात्रा आणि खर्च कमी व्हावा म्हणून काही डॉक्टर जोडीला डिल्टियाझेम मुद्दाम देतात. दुसऱ्या दवाखान्यात कोणी 'रक्तदाब ठीक आहे' म्हणून ती गोळी बंद केली की टॅक्रोलिमसची पातळी खाली येते.

तिसरी गोष्ट खाण्याची. कोकणात गणपतीच्या माटोळीला टांगतात ते पपनस, इकडे चकोतरा म्हणतात, छठपूजेच्या प्रसादात घरी येते. त्यानेही पातळी बदलते. प्रसाद कपाळाला लावावा आणि घरच्यांना द्यावा. गुळवेल आणि ताकद वाढवणारे काढे शरीराची लढण्याची शक्ती जागवण्यासाठीच घेतले जातात. येथे आपण तीच शक्ती आवरून धरतो आहोत, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय काढा नको.

चौथी गोष्ट जुलाबाची. जुलाब लागले की औषध वाया जाते असे वाटते, पण टॅक्रोलिमसची पातळी जुलाबात उलट वाढते. दोन दिवस जुलाब झाले की घरी बसू नये, तपासणी करून घ्यावी.

हे झाले आपले कर्तव्य. आता प्रशासनाचे.

आमच्या शाखेतल्या एका साथीची हकिगत सांगतो. प्रत्यारोपणाला दोन वर्षे झाली होती, पातळी चांगली होती. एका दवाखान्याच्या औषधभांडारातून त्याला कधी एका कंपनीची, कधी दुसऱ्या कंपनीची टॅक्रोलिमस मिळे. बदल झाला की पातळी पुन्हा तपासायची असते, हे कोणी त्याला सांगितले नाही. मग एकदा 'माल शिल्लक नाही, इंडेंट गेले आहे' असे उत्तर मिळाले. त्याने अकरा दिवस उरलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खाल्ल्या. क्रिएटिनिन १.३ वरून २.४ वर गेले. लखनौला भरती करावे लागले, मूत्रपिंड वाचले पण पूर्वीसारखे राहिले नाही. याबद्दल आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले, 'कंपनी वेगळी असली तरी औषध तेच आहे.'

हे उत्तर अर्धे खरे आहे. आमचा स्वस्त औषधाला विरोध नाही. मान्यताप्राप्त कंपनीची गोळी नीट लागू पडते, हे आम्हीही मानतो. पण या औषधाचा मार्ग अरुंद आहे. कंपनी बदलायची तर डॉक्टरला कळवून बदला आणि त्यानंतर पातळी तपासा. टेंडर बदलले म्हणून तिमाहीला गोळी बदलणे आणि तपासणी न करणे, याला काटकसर म्हणता येत नाही. जुन्या सिग्नलच्या जागी नवा सिग्नल बसवला तर तो तपासल्याशिवाय आपण गाडी सोडतो का?

प्रश्न कोणाला ठाऊक नाही असेही नाही. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला या औषधांसाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याने अवयव दिला तर ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा देण्याचा आदेश २०२३ साली निघाला. चांगले झाले. पण ज्याच्या अंगात तो अवयव बसवला, त्याच्या तपासणीच्या दिवसाचे काय? ग्रामीण डाक सेवकाला तर नियमित टपाल कर्मचाऱ्याचे वैद्यकीय नियमच लागू नाहीत. तो गोळी कोठून आणतो, हे विचारणारा कोण?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात :

१) प्रत्यारोपण झालेल्या कर्मचाऱ्याला व निवृत्ताला एका वेळी किमान तीन महिन्यांची औषधे, एकाच कंपनीची मिळावीत. माल नसल्यास त्याच दिवशी स्थानिक खरेदीतून द्यावीत.

२) कंपनी बदलल्यास पातळीची तपासणी प्रशासनाच्या खर्चाने व ठरल्या मुदतीत व्हावी.

३) पातळीसाठी रक्त जवळच्या विभागीय दवाखान्यात घेऊन थंड पेटीतून नेहमीच्याच प्रयोगशाळेत पाठवावे. हा नमुना काही दिवस टिकतो. देशाचे टपाल आणि पार्सल आपण वाहतो, तर रक्ताची एक नळी पोहोचवणे आपल्याला अवघड नाही. रुग्णाने दर वेळी तीनशे किलोमीटर जाण्याची गरज नाही.

४) अशा कर्मचाऱ्याला रात्रपाळीच्या फिरत्या रोस्टरमधून वगळून ठराविक वेळेचे काम द्यावे. आज पहाटे चार, उद्या रात्री दहा अशा ड्यूटीत बारा तासांचे गणित सांभाळणे फार कठीण. वैद्यकीय वर्ग उतरलेल्यांना पर्यायी काम देण्याचे नियम रेल्वेत आहेतच, ते येथे मनापासून वापरावेत.

५) तपासणीच्या दिवसाची रजा त्याच्या हक्काच्या रजेतून कापू नये.

६) ग्रामीण डाक सेवकांना या औषधांपुरते तरी ताबडतोब संरक्षण मिळावे.

यातील एकही मागणी मोठ्या पैशाची नाही. एक मूत्रपिंड गेल्यावर पुन्हा डायलिसिस, पुन्हा भरती आणि घरी बसलेला कुशल कामगार, याचा खर्च यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

शाखा पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. आपल्या शाखेत प्रत्यारोपण झालेले किती सभासद आहेत याची यादी त्यांच्या संमतीने करा. त्यांना औषध केव्हा मिळाले, कोणत्या कंपनीचे मिळाले, पातळी केव्हा तपासली, एवढे तीन रकाने वहीत आखा. पुढच्या स्थायी वार्ता यंत्रणेच्या बैठकीला ती वही घेऊन जा. तोंडी तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. तारखांनी भरलेली वही टेबलावर ठेवली की साहेबालाही तारखेनेच उत्तर द्यावे लागते.