परम : चिप बदलत गेली, यंत्र टिकले

सर्व्हरच्या प्रोसेसरवरून आज इंटेल, एएमडी आणि आर्म यांच्यात चाललेल्या चढाओढीची पूर्वपीठिका पुण्याच्या महासंगणकांत थरांसारखी साठलेली आहे.

१९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकचा 'परम ८०००' सिद्ध झाला. त्याचा प्रोसेसर मात्र ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचा 'ट्रान्सप्युटर' होता. शेजारच्या चिपशी थेट बोलण्यासाठी त्याला चार दुवे होते. शेकडो चिप जोडून महासंगणक उभारण्याचे धाडस त्यांच्याच बळावर झाले. पुढची पिढी, टी-९०००, रखडली आणि ट्रान्सप्युटर मागे पडला. इतकी देखणी रचना इतक्या लवकर विस्मरणात जावी, हे चटका लावणारेच.

पुण्याने धडा घेतला. 'परम ८६००'मध्ये गणनेचे काम इंटेलच्या आय-८६० कडे गेले. 'परम ९०००'ची तर मांडणीच अशी केली, की प्रोसेसर बदलता यावा. पुढे सनचा अल्ट्रास्पार्क आला, आयबीएमचा पॉवर-४ आला. २०२०च्या 'सिद्धी'त एएमडीचा एपिक.

'मेंदू परका' म्हणून या यंत्रांना हिणवणे सोपे आहे. परंतु 'परमनेट' हे जोडणीचे जाळे सी-डॅकचे स्वतःचे होते, म्हणूनच ट्रान्सप्युटर संपला तरी परम संपला नाही.

आता सी-डॅकने 'औम' ही सर्व्हर चिप हाती घेतली आहे. तिचे गाभे आर्मच्या परवान्याचे. तेव्हा मुक्त 'रिस्क-फाइव्ह'वर आधारलेल्या, तिरुवनंतपुरम केंद्रातील 'वेगा'च्या कामालाही तितक्याच सढळ हाताने पैसा मिळायला हवा.