दोन गाण्यांचा सांधा

काय दोस्तांनो, सुट्टीत मोबाइलवर घरचा व्हिडिओ जोडायचा उद्योग केलात की नाही? विश्रामबागेत आमच्या घरी आईच्या पंचाहत्तरीला माझ्या पुतण्याने तो केला. स्वारी आठवीत. जुने फोटो, लग्नाची कॅसेट, आजीच्या गप्पा असा दहा मिनिटांचा व्हिडिओ तयार झाला. मागे दोन गाणी: एक संथ बासरीचं, दुसरं ढोलकीचं.

पाहुणे जमले, व्हिडिओ सुरू झाला. बासरी मधेच तुटली आणि धाडकन ढोलकी कडाडली! धाकटी दचकून रडायला लागली. त्याहून वाईट म्हणजे आजी आजोबांविषयी बोलत होती, ते सगळं ढोलकीखाली बुडालं. पुतण्याचं तोंड एवढंसं झालं.

आजी मात्र हसली. म्हणाली, "अरे, आमच्या भजनात एक अभंग संपवून दुसरा धरताना पेटीचा सूर सुटतो का कधी?"

झालं! दुसऱ्या दिवशी काका-पुतणे कामाला लागलो.

आधी पहिलं गाणं हळूहळू उतरवलं आणि त्याच वेळी दुसरं हळूहळू चढवलं. याला 'क्रॉसफेड' म्हणतात. दोन-तीन सेकंद पुरतात. पण मधोमध आवाज खचल्यासारखा वाटेना का! "काका, दोन्ही अर्धे-अर्धे आहेत. बेरीज पूर्ण व्हायला हवी ना?"

इथंच खरी मेख आहे. ध्वनिलहरीची उंची निम्मी केली, की तिची ताकद निम्मी नव्हे, पाव होते. दोन वेगळ्या गाण्यांच्या दोन पाव मिळून अर्धीच ताकद. म्हणून मधोमध दोन्ही गाणी ५० नव्हे, साधारण ७० टक्क्यांवर ठेवायची. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळजवळ अर्धा. दोन अर्धे मिळून एक! वर्गातलं गणित असं घरी कामाला येतं बरं का.

मग ताल. केरव्याच्या ८ मात्रा, दादऱ्याच्या ६. दोन्ही एकावर एक चढले की अडखळल्यासारखं वाटतं. म्हणून पहिलं गाणं समेवर सोडा, दुसरं समेवर धरा. नाहीतर सांध्यावर ताल नसलेला तुकडा घ्या. आम्ही बासरीचा लांबलेला सूर घेतला. आणि एकाच्या शब्दांवर दुसऱ्याचे शब्द कधीच नकोत.

तिसरी गोष्ट पट्टीची. पेटीवर पांढरी एक आणि काळी एक एकदम दाबून पाहा, कान किटतील. दोन गाण्यांची पट्टी एकच असेल, तर सांध्याखाली त्याच पट्टीतला तंबोरा हलकेच ठेवता येतो. आपल्या शेजारच्या मिरजेत तंबोरे घडतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गायक श्वासाला थांबला, तरी मागचा तंबोरा थांबत नाही. आजीच्या पेटीसारखंच की! पट्ट्या जुळत नसतील, तर मात्र गाणी एकमेकांवर आणूच नका. पहिलं पूर्ण विरू द्या, क्षणभर त्या प्रसंगातलाच आवाज, म्हणजे भांड्यांचा किंवा हसण्याचा, ऐकू द्या आणि मग दुसरं सुरू करा.

राहिली शेवटची आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. माणूस बोलायला लागला, की संगीतानं मागं सरायचं. गाणं पुन्हा मिळेल, आजीचा आवाज पुन्हा कुठून आणणार? मूळ चित्रण तर कधीच पुसू नका.

रविवारी व्हिडिओ पुन्हा लावला. आजोबांच्या आठवणींमागे पुतण्यानं संगीत ठेवलंच नव्हतं. घर अगदी चिडीचूप झालं होतं. संपल्यावर आजीनं विचारलं, "गाणं कधी बदललं रे?"

यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?

तुम्हीही करून पाहा. सांधा जुळवा, डोळे मिटा आणि ऐका. तो सापडला, तर पुन्हा बसा!