अंदाजाची किंमत कोण मोजतो?

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन ह्या संघटनेचे व्यावसायिक संघ दरवर्षी, साधारणतः जून महिन्यात, नव्या खेळाडूंची निवड करतात. मागील हंगामात दुबळे ठरलेल्या संघांना आधी संधी मिळावी, हा ह्या पद्धतीचा हेतू. निवडला जाणारा तरुण बहुधा एकोणीस ते बावीस वर्षांचा असतो. त्याची उंची, हातांचा पल्ला, उडी, चपळाई, सारे काही काटेकोरपणे मोजले जाते. ज्यासाठी हा खटाटोप, तो त्याचा पाच वर्षांनंतरचा खेळ मात्र कोणत्याच पट्टीत सापडत नाही. तेव्हा ‘सुप्त गुणवत्ता’ असे भारदस्त नाव देऊन अंदाजालाच मापाची प्रतिष्ठा दिली जाते.

हे अंदाज किती चुकतात, ह्याचा दाखला म्हणून १९८४ ची निवड नेहमी सांगितली जाते. पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी ह्या उंच खेळाडूला घेतले आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोकडे गेला. पायाच्या दुखापतीमुळे बोवीचे महाविद्यालयातील दोन हंगाम आधीच वाया गेले होते. परंतु पोर्टलंडला उंच माणूस हवा होता, आणि जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्स्लर त्यांच्यापाशी होताच. गरजेलाच गुणवत्ता समजण्याची ही चूक होती. पुढे २००१ मध्ये वॉशिंग्टन संघाची सूत्रे खुद्द जॉर्डनच्या हाती असताना त्या संघाने शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या क्वामे ब्राउनला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याचा खेळ अखेरपर्यंत बेताचाच राहिला. खेळातील असामान्यत्व पारखीच्या कामी येतेच असे नाही!

तथापि चुका होतात, एवढाच मुद्दा असता तर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. खरा प्रश्न त्या चुकांचा भार कोण वाहतो, हा आहे. बॅरी स्टॉ आणि हा होआंग ह्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मैदानावरील कामगिरी सारखी असली तरी वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूला अधिक वेळ खेळविले जाते आणि तो अधिक वर्षे टिकतो. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात, तोच हा. एकदा पैसा ओतला की तो वसूल झाल्याचे दिसेपर्यंत ओततच राहावयाचे. क्वामे ब्राउन सात संघांतून बारा हंगाम खेळला, त्यात ह्या मोहाचा वाटा मुळीच नसेल असे म्हणवत नाही.

त्यात वेतनाच्या नियमांची भर पडते. पहिल्या फेरीतील खेळाडूचे वेतन क्रमांकानुसार ठरते आणि त्याला निदान पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीतील मुलाला तसे संरक्षण नाही. म्हणजे ज्याच्याविषयी अंदाज अनिश्चित, त्यालाच स्वतःला सिद्ध करण्यासाठी अवधी सर्वांत कमी! २०१४ मध्ये सर्बियाचा निकोला योकिच एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा दूरचित्रवाणीवर चक्क जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याच्या यशाने व्यवस्था न्याय्य ठरत नाही. जे वाटेतच गळाले त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

पंजाबातील बल्लोके गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला. असा मान मिळालेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची ७ फूट २ इंच. डॅलसच्या मुख्य संघाकडून साखळी सामन्यात तो एकदाही उतरला नाही. दुय्यम स्पर्धेत खेळून परतला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. कदाचित तो त्या दर्जाचा नसेलही. पण पहिल्या फेरीतील मुलाला जी दोन वर्षांची हमी मिळते, ती दुसऱ्या फेरीतही निदान एका वर्षापुरती द्यावयास ह्या धनाढ्य संघांना काय हरकत आहे? त्यांच्या एकूण वेतनखर्चापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ ठरेल.