आधी माप, मग खरेदी
आमचं घर लहान, अभ्यासाचं टेबल त्याहून लहान. म्हणून धाकट्या बहिणीसाठी छोट्या कॅबिनेटचा कॉम्प्युटर घरीच जोडायचं ठरवलं. रविवारी सकाळी सुटे भाग घेऊन बसलो. दुपारपर्यंत सगळं जुळलं, पण कॅबिनेटचं झाकण काही केल्या लागेना. प्रोसेसरवरचा कूलर चार मिलिमीटर उंच निघाला! उघडलेलं खोकं दुकानदाराने परत घेतलं नाही. चूक त्याची नव्हती, मापाशिवाय घेणाऱ्याची होती.

तुम्ही मात्र आधी पट्टी हातात घ्या. अशा कॅबिनेटमध्ये बहुधा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड बसतो. तो १७ सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद असतो. त्यावर रॅमसाठी सहसा दोनच खाचा असतात, तेव्हा रॅम सुरुवातीलाच पुरेशी घ्या. कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डची लांबी-जाडी आणि पॉवर सप्लायचा आकार कॅबिनेटच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा, मगच पैसे मोजा.

जोडण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. प्रोसेसर, रॅम, एसएसडी बोर्डावर बाहेरच बसवा, कारण नंतर आत हात शिरत नाही. वायरी पंख्यांपासून दूर बांधा. लहान डब्यात उष्णता लवकर साठते, म्हणून जाळीची बाजू भिंतीला टेकवू नका आणि अधूनमधून धूळ झाडा.

आम्ही शेवटी बुटका कूलर आणला आणि झाकण लागलं. उंच कूलर अजून कपाटात आहे, पुढच्या खरेदीआधी आठवण करून द्यायला.