पंचवीस तासांचा दिवस

"आठवडाभर नुसतं पाणी बघून कंटाळा नाही आला?" परत आल्यापासून ऑफिसात प्रत्येकाचा हाच प्रश्न. खरं सांगू? कंटाळा यायला फुरसतच मिळत नाही राव!

'क्वीन मेरी २' साउदॅम्प्टनहून निघाली की सात रात्रींनी थेट न्यूयॉर्क. मध्ये बंदर नाही. पण उद्याच्या कार्यक्रमांचा कागद रोज रात्री केबिनमध्ये हजर. व्याख्यान, पत्त्यांचा ब्रिज, तारांगण (हो, बोटीवर तारांगण!), दुपारचा चहा, रात्री बॉलरूम. मी पेन घेऊन खुणा केल्या, अगदी स्प्रिंट प्लॅनिंगसारख्या. वर वाय-फायचं पॅकेजही घेतलं.

बाबांनी एकही खूण केली नाही. डेकवर खुर्ची, शाल आणि समोर अटलांटिक. दुपारी बाराला कॅप्टन स्पीकरवरून बोट कुठवर आली ते सांगतो, तेवढं मात्र कान देऊन ऐकायचे.

पश्चिमेला जाताना घड्याळ पाच वेळा एकेक तास मागे घेतात. म्हणजे पाच दिवस चक्क पंचवीस तासांचे. हे फुकटचे पाच तास मी मेल बघण्यात घालवले. शेवटच्या संध्याकाळी बाबांकडे गेलो, तर म्हणाले, "बस. सहा दिवस ही खुर्ची धरून ठेवलीय तुझ्यासाठी."

काय बोलणार?

माझं मत विचाराल तर, भर समुद्रातल्या दिवसांत करण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट त्या कागदावर छापलेलीच नसते. जाणार असाल तर रोज दोनच खुणा करा, आणि वाय-फाय घेऊच नका. मेल काय, न्यूयॉर्कलाही मिळतात.