डब्यावर काय लिहिले आहे?

चेंबूरकरांना हवेतला वास नवा नाही. माहुलच्या बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, जवळच आरसीएफचा खत कारखाना आणि रस्त्याकडेला टँकरच्या रांगा. इथल्या कितीतरी घरांची रोजी याच कामांवर चालते. कुणाचे अब्बा टँकर चालवतात, कुणाचा भाऊ ठेकेदाराकडे टाक्या साफ करतो, कुणी भंगारात आलेले ड्रम कापतो. मात्र "तुम्ही कसला माल हाताळता?" असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: "केमिकल."

हे उत्तर पुरेसे नाही. भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू पसरला, तेव्हा तो कोणता हे पळणाऱ्यांना माहीत नव्हते. उपचार करणारे डॉक्टरही अंधारात होते. चेहऱ्यावर ओले फडके धरावे, एवढे साधे ज्ञानही लोकांपर्यंत पोचले नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या मालकाने कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीलाही धोक्याची माहिती दिलीच पाहिजे, असे बंधन आले. म्हणजे माहिती मागणे ही आगळीक नाही, तो हक्क आहे. ठेक्यावरच्या कामगारानेही ती मागावी.

डब्यावरची चित्रे तर निरक्षर माणसालाही वाचता येतात. टोकावर उभा, लाल किनारीचा चौकोन शोधा. त्यात ज्वाला असेल तर माल पेटणारा. कवटी असेल तर विषारी. हातावर थेंब पडून हात झिजताना दिसत असेल तर कातडी आणि डोळे जाळणारा. माणसाच्या छातीवर चांदणीसारखी खूण असेल तर जास्त सावध व्हा. हा माल आज त्रास देईलच असे नाही, पण काही वर्षांनी फुप्फुसाचा आजार किंवा कॅन्सर देऊ शकतो.

प्रत्येक धोकादायक रसायनासोबत 'सेफ्टी डेटा शीट' नावाचा कागद असतो. त्याचे सोळा भाग असतात. सगळे वाचणे जमले नाही तरी दोन वाचाच: चौथ्या भागात प्रथमोपचार आणि आठव्यात कोणते हातमोजे, कोणता मास्क ते दिलेले असते. कागद बहुधा इंग्रजीत असतो. घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांच्याकडून तो मराठीत समजून घ्यावा.

टँकरवाल्या भावांसाठी गाडीवरचा फलक महत्त्वाचा. त्यावरचा चार आकडी क्रमांक मालाची ओळख सांगतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी, १०१७ म्हणजे क्लोरीन. केबिनमध्ये 'ट्रेम कार्ड' असावे लागते. गळती झाली तर काय करायचे ते त्यावर असते. कार्ड न घेता गाडी काढू नये.

आणखी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. रिकामा ड्रम रिकामा नसतो. आत उरलेली वाफ गॅसकटरच्या ठिणगीने फुटते. रुमाल किंवा धुळीचा मास्क विषारी वायू अडवत नाही. टाकीत उतरलेला साथी बेशुद्ध पडला तर तसेच त्याच्यामागे उडी घेऊ नये. अशाने एकाऐवजी दोन जनाजे उठतात. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून आडवे निघावे आणि उंचावर जावे.

घरच्यांनीही काळजी घ्यावी. कामावरचे कपडे वेगळे धुवावेत, लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. संडास साफ करताना ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून हाच क्लोरीन निघतो.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरचा माणूस उद्या कामावर जाईल, तेव्हा त्याला डब्याच्या लेबलचा फोटो मोबाइलवर काढून घरी पाठवायला सांगा. अपघात झालाच, तर इस्पितळात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "कशाचा संपर्क आला?" त्या वेळी "केमिकल" एवढेच सांगण्याऐवजी तो फोटो पुढे करता येईल.